सुवालीच्या वाटेवरची घुमटी

खानदेशातल्या घराघरातलं कुणी ना कुणी सुरतेला असतंच. आमचा मावसभाऊ उधन्याला असतो. नाताळच्या सुट्टीत ताप्ती लाइनच्या गाडीने त्याच्याकडे जाऊन थडकलो, तर वहिनींनी कार्यक्रम आधीच ठरवून ठेवलेला. "भाऊजी, समुद्र बघायचा तर डुमसला जा. टमाट्याची भजी खाऊन या." डुमस म्हणजे सुरतकरांची चौपाटी. तिथे काळी वाळू, उंट आणि भुताखेतांच्या गप्पा. भजी नाकारण्यासारखी नसतात. टमाट्याच्या चकतीवर हिरवी चटणी थापतात, मग ती पिठात बुडवून तळतात. तरी मी हट्ट धरला तो तापीच्या पलीकडच्या सुवालीचा.

"तिथं काय बघणार? चिमण्या?" भाऊ म्हणाला. पाखरं नव्हेत, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्याचं फारसं चुकलं नव्हतं. अडाजण, पाल, इच्छापोर मागे पडलं की रस्ता ट्रक आणि टँकरांचाच होतो. मग एका वळणावर एकदम शेतं लागतात, सुरूचं बन येतं आणि पुढे समुद्र. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. खंभातच्या आखातातली ओहोटी म्हणजे पाणी पार नजरेआड. मधे नुसता चिखल, त्यावर खेकड्यांची नक्षी. जे पाणी दिसत होतं ते दूध कमी पडलेल्या चहासारखं. निळ्या समुद्राच्या आशेने येणाऱ्याने कोकण गाठावं.

या चिखलासमोर उभं राहून एक गोष्ट मनाशी जुळवावी लागते. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा लांब दांडा होता, ओहोटीला उघडा पडणारा. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये सुमारे सात मैल लांब, खोल पाण्याची शांत पट्टी. शाळेच्या भूगोलातल्या खाजणाची आठवण व्हावी अशी, फक्त दोन्ही तोंडं मोकळी. तापीच्या मुखाशी गाळ, तिथे मोठी जहाजं शिरत नसत. ती इथे नांगर टाकत, आणि माल बैलगाड्यांवरून सुरतेला जाई. युरोपच्या नकाशांवर सुरतेचं खरं बंदर म्हणजे ही पट्टीच, 'स्वाली' नावाची. 1612 च्या नोव्हेंबरात थॉमस बेस्टने दोन जहाजांनिशी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांना इथेच दमवलं. 1615 साली टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील इथेच उतरला. 1664 च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांनी वखार राखायला खलाशी बोलावले तेही इथल्या जहाजांवरूनच. पुढची गोष्ट चौथीपासून पाठ आहे, ती सांगत नाही. आता खाजण गाळाने बुजलं आणि बंदर हजिऱ्याला सरकलं.

मला ओढ होती ती यातल्या कशाचीच नव्हती. सुवालीजवळ राजगरी नावाचं गाव आहे. तिथे एक घुमटाची लहानशी वास्तू आहे. ती टॉम कॉर्याटची कबर, असं सांगतात. हा गडी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातला. 1608 साली व्हेनिसपर्यंत जाऊन आला, बराचसा पायीच, आणि घरी परतल्यावर ते जोडे गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. आपल्याकडे पादुका पुजतात, तसलंच काहीसं. मग पुन्हा निघाला तो इस्तंबूल, जेरुसलेम करत अलेप्पोला, आणि तिथून चालत अजमेरला जहांगीरच्या दरबारी. दहा महिने आणि खर्च तीन पौंड! त्यातलेही दहा शिलिंग लबाडांनी लुबाडले, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. वारीला निघालेला माणूससुद्धा याहून जास्त खर्च करतो. दरबारात त्याने बादशहाला फारसीत भाषण ऐकवलं आणि शंभर रुपये मिळवले. रोसाहेब त्यावर संतापला, आपल्या देशाची अब्रू गेली म्हणून.

रोच्या पदरी एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याने सांगितलेला किस्सा मला सगळ्यात आवडतो. रोच्या घरी एक धोबीण होती, तोंडाची भारी फटकळ, पहाटेपासून रात्रीपर्यंत भांडायची. कॉर्याट एक दिवस तिच्याच बोलीत तिच्याशी भिडला आणि सकाळी आठच्या आत तिचं तोंड बंद केलं. हिंदुस्थानी शिकल्याचा याहून चांगला दाखला कोणता? शेवट मात्र वाईट. पोट बिघडलेलं असताना सुरतेच्या इंग्रजांकडे विलायतेहून आलेल्या दारूचं नाव ऐकलं, आणि मागून मागून प्यायला. 1617 च्या डिसेंबरात गेला. वय चाळिशीच्या आसपास.

घुमटी शोधायला अर्धा तास लागला, कारण वाटेवर पाटी नाही. कारखान्यांच्या पाट्या पावलोपावली आहेत. शेतातल्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो काठीने दिशा दाखवत म्हणाला, "गोरो? पेलो चालीने आवेलो ने?" चालत आलेला, एवढं त्याला ठाऊक होतं. आत शेळीच्या लेंड्या, भिंतीवर कोळशाने ओढलेले क्रिकेटचे स्टंप. नाव कुठेच दिसलं नाही. भाऊ बाहेर गाडीला टेकून उभा होता. मी डिसेंबर, चाळीस वर्षं, तीन पौंड हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग पेट्रोलचं काय विचारतोस मला?"

परतताना अंधार पडला, चिमण्यांचे दिवे लागले. पुलाच्या अलीकडे पोंकाची दुकानं होती, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर. आपण गुळाबरोबर खातो, यांना शेव लागते. वहिनींसाठी पाव किलो बांधून घेतला.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, म्हणजे पोंक मिळेल. भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, चिखलात खोल शिरू नका. आणि राजगरीच्या फाट्यावर एखादी पाटी लावणं कुणाच्या हाती असेल, तर त्यांनी ती जरूर लावावी.