इरावती : एक दुर्मीळ नाव, तीन नद्या आणि हस्तिनापूरची राणी

नवी दिल्ली : साहित्य अकादमीच्या पुरस्कारप्राप्त मराठी ग्रंथांच्या यादीत १९६८ या वर्षासमोर ‘युगान्त’ या ग्रंथाची नोंद आहे. महाभारतातील व्यक्तिरेखांचा शोध घेणाऱ्या या ग्रंथाच्या लेखिका इरावती कर्वे. त्यांचे लेखन, त्यांचे मानवशास्त्रीय संशोधन आणि ‘युगान्त’वरील चर्चा महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या नावाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मराठी घरांत गोदावरी, यमुना, नर्मदा, कृष्णा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. ‘इरावती’ त्या मानाने फारच थोड्या घरांत पोहोचले. या नावाच्या मागे एक वैदिक शब्द आहे, तीन नद्या आहेत आणि दिल्लीजवळच्या हस्तिनापूरची एक राणीही आहे.

शब्दाची घडण

‘इरा’ या शब्दाला ‘वत्’ हा प्रत्यय जोडून ‘इरावत्’ हे विशेषण होते आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘इरावती’. पद्मावती, लीलावती, भोगवती ही नावे याच पद्धतीने सिद्ध झाली आहेत. चंबळ नदीचे प्राचीन नाव ‘चर्मण्वती’ हेही त्याच साच्यातले. वैदिक भाषेत ‘इरा’ म्हणजे पिण्याजोगे, तृप्ती देणारे द्रव्य. त्यावरून अन्न, पोषण असा अर्थविस्तार झाला. त्यामुळे ‘इरावती’ म्हणजे जलाने, अन्नरसाने समृद्ध अशी. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील विष्णुसूक्तात हा शब्द विशेषनाम म्हणून येत नाही. आकाश आणि पृथ्वी या जोडीला लावलेले विशेषण म्हणून तो येतो.

इंद्राच्या हत्तीचे ‘ऐरावत’ हे नाव याच कुळातले. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात प्राणिसृष्टीची वंशावळ सांगताना इरावती ही ऐरावताची माता असल्याचा उल्लेख आहे. ‘ऐरावती’ हा स्वतंत्र शब्द अमरकोशात विजेच्या पर्यायांमध्ये नोंदवलेला आहे. बोलताना ‘इरावती’ आणि ‘ऐरावती’ यांची अनेकदा गल्लत होते. व्युत्पत्तीने ते एकमेकांचे नातलग असले तरी नावे म्हणून ती वेगळी आहेत. मराठी लेखनात ‘इरावती’तील पहिली ‘इ’ ऱ्हस्व आहे.

एका नावाच्या तीन नद्या

पंजाबातील रावी नदीला वैदिक काळात ‘परुष्णी’ म्हणत. सुप्रसिद्ध दाशराज्ञ युद्ध तिच्याच तीरावर झाले. पुढे संस्कृत वाङ्मयात तिला ‘इरावती’ हे नाव मिळाले. अलेक्झांडरच्या स्वारीची हकिकत लिहिणाऱ्या ग्रीक लेखकांनी तिला ‘हायड्राओटीस’ म्हटले. आरंभीचा ऱ्हस्व स्वर गळून आणि शेवट आखडून ‘इरावती’ची ‘रावी’ झाली.

दुसरी नदी नेपाळातून उत्तर प्रदेशात उतरणारी राप्ती. पाली साहित्यात तिचे नाव ‘अचिरावती’ आहे आणि श्रावस्ती नगरी तिच्याच काठी वसलेली होती. राप्ती या आजच्या नावाचे मूळही याच नावात असल्याचे मानले जाते.

तिसरी आणि सर्वांत मोठी नदी म्यानमारमधील इरावदी. सुमारे २,१७० किलोमीटर वाहून ती अंदमान समुद्राला मिळते. भारतीय धर्म आणि भाषा यांच्याबरोबर हे नाव ब्रह्मदेशात रुजले, असे अभ्यासक मानतात. १९८९ मध्ये तेथील सरकारने देशाच्या आणि अनेक स्थळांच्या नावांचे रोमन लेखन बदलले, तेव्हा या नदीच्या नावाचे लेखनही स्थानिक उच्चाराजवळ नेण्यात आले. ओडिशातील चिल्का सरोवरात आढळणारा डॉल्फिन याच नदीच्या नावाने ओळखला जातो.

ब्रह्मदेशातून पुण्यात आलेले नाव

इरावती कर्वे यांना हे नाव मिळाले ते ग्रंथांतून नव्हे, तर थेट नदीवरून. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात नोकरीला होते. इरावदीच्या काठावरील मिंग्यान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला आणि नदीचेच नाव मुलीला देण्यात आले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले. हुजूरपागा शाळा, फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचे अध्ययन आणि त्यानंतर बर्लिन येथे डॉक्टरेट असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. घरात त्यांना ‘इरू’ म्हणत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्राचे शीर्षकही ‘इरू’ हेच आहे.

हस्तिनापूरची इरावती

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ जिल्ह्यात गंगेच्या जुन्या पात्राजवळ हस्तिनापूर आहे. १९५०-५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी येथे उत्खनन केले होते. भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधानुसार हस्तिनापूरचा राजा परीक्षित याच्या राणीचे नाव इरावती होते आणि जनमेजयासह चार पुत्रांची ती माता होती. महाभारताच्या आदिपर्वात मात्र जनमेजयाच्या आईचे नाव माद्रवती असे येते.

भागवतातील ही इरावती विराटपुत्र उत्तराची कन्या होती. परीक्षिताची आई उत्तरा ही उत्तराची बहीण. म्हणजेच परीक्षिताने मामाच्या मुलीशी विवाह केला. महाराष्ट्रातील अनेक जातींत आणि दक्षिणेत हा विवाह रूढ आहे. दिल्लीच्या परिसरासह उत्तर भारतातील बहुतेक हिंदू समाजांत तो निषिद्ध मानला जातो. नातेसंबंधांतील नेमका हाच प्रादेशिक भेद इरावती कर्वे यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय होता. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडून विवाहाचे नियम आणि नात्यांचे शब्द तपासले. महाराष्ट्राला त्यांनी उत्तर व दक्षिणेच्या चालीरीती जेथे मिसळतात अशा मध्य विभागात ठेवले.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातही एक इरावती आहे. अग्निमित्र राजाची ही धाकटी राणी मानी आणि राजालाही खडसावणारी आहे.

नदीचे नाव आणि शास्त्राचा निषेध

मनुस्मृती या नावाविषयी एकाच वेळी अनुकूल आणि प्रतिकूल आहे. दुसऱ्या अध्यायात स्त्रियांची नावे उच्चारायला सोपी, मधुर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेली असावीत, असे सांगितले आहे. ‘इरावती’ या कसोटीला उतरते. तिसऱ्या अध्यायात मात्र जिच्याशी विवाह करू नये अशा कन्यांमध्ये नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत यांची नावे असलेल्या मुलींचा समावेश आहे. हा निषेध समाजाने मानल्याचे दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, भागीरथी या नावांच्या स्त्रिया घरोघरी झाल्या. साहित्य अकादमीच्या मराठी यादीतच ‘युगान्त’नंतर चार वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या लेखिका गोदावरी परुळेकर यांचे नाव येते.

महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर परिणाम झाला तो वेगळ्याच प्रथेचा. विवाहाच्या वेळी ताटातील तांदळात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल अनेक घरांत होती आणि काही ठिकाणी आजही आहे. इरावती कर्वे यांच्या सासूबाईंचे माहेरचे नाव गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई झाल्या. त्यांची सून मात्र दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावरही इरावतीच राहिली. एका पिढीत सासरी नदीचे नाव पुसले गेले आणि पुढच्या पिढीत त्याच घरात दुसऱ्या नदीचे नाव ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर कायम राहिले.

नावाचा भार किती असू शकतो, याचे दुसरे टोक साताऱ्यात दिसले. मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणजे नको असलेली, असे नाव ठेवले जाई. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुली शोधून जाहीर समारंभात त्यांना नवी नावे देण्यात आली.

दुर्मीळ का राहिले?

ब्रिटन आणि अमेरिकेत दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची अधिकृत यादी संख्येसह प्रसिद्ध होते. भारतात राष्ट्रीय पातळीवर अशी यादी निघत नाही. त्यामुळे ‘इरावती’ची दुर्मीळता आकड्यांत मांडता येत नसली, तरी तिची कारणे सांगता येतात. स्नानाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या पारंपरिक श्लोकात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्या येतात. इरावती येत नाही. रावीच्या काठी जुने नाव व्यवहारातून गेले, तर मोठी इरावदी सीमेपलीकडे राहिली. महाराष्ट्रात कोणतीच नदी या नावाने वाहत नाही. जत्रा, व्रत किंवा कुलाचाराशीही या नावाचा संबंध जुळला नाही.

अलीकडे मूळ शब्द ‘इरा’ हेच स्वतंत्र नाव म्हणून ठेवले जाते. २०१४ च्या नागरी सेवा परीक्षेत देशात प्रथम आलेल्या इरा सिंघल दिल्लीच्या आहेत. संपूर्ण ‘इरावती’ हे नाव मराठी प्रेक्षकांना परिचित आहे ते अभिनेत्री इरावती हर्षे यांच्यामुळे. त्यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘कासव’ला २०१६ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नोंद करताना

दुर्मीळ नाव ठेवणाऱ्या पालकांनी जन्मनोंदीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार बाळाचे नाव ठरलेले नसले तरी जन्माची नोंद करता येते. नाव नंतर घालता येते. त्यासाठी पहिल्या १२ महिन्यांत शुल्क लागत नाही आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद करता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी आदी कामांत जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे.

‘इरावती’च्या बाबतीत अडचण येते ती रोमन लिपीत. ‘व’साठी ‘व्ही’ लिहावा की ‘डब्ल्यू’, हा निर्णय पालकांनी जन्मनोंदीपूर्वीच घ्यावा आणि आधार, शाळा व पारपत्र या सर्व ठिकाणी तोच ठेवावा. इरावती कर्वे यांचे नाव इंग्रजी ग्रंथांवर ‘डब्ल्यू’ने छापलेले आहे. जन्मनोंदीतील चूक संबंधित निबंधकाकडे पुराव्यासह अर्ज करून दुरुस्त करता येते. मोठेपणी नावच बदलायचे असल्यास शपथपत्र आणि वृत्तपत्रातील जाहिरातीनंतर राजपत्रात ते प्रसिद्ध करावे लागते. केंद्राच्या राजपत्रासाठी हे काम दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागातील प्रकाशन विभागामार्फत चालते. महाराष्ट्रातील रहिवाशांना राज्याच्या राजपत्राचा पर्याय उपलब्ध आहे.