दाव्याचे कागद आणि दोन धर्मगुरू

येशूसंघ म्हटला की आपल्याला गोव्यातले फादर स्टीफन्स आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' आठवते. त्याच संघाच्या दोन धर्मगुरूंनी छोटा नागपुरात केलेले काम मात्र आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. छोटा नागपूर म्हणजे आपले नागपूर नव्हे. रांचीभोवतालचा, आज झारखंडात असलेला डोंगराळ मुलूख.

तेथे मुंडा व उराँव आदिवासींची जुनी वस्ती. ज्या कुळाच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेत केले, त्या कुळाची ती जमीन, ही मुंडांची वहिवाट. तिला 'खुंटकट्टी' म्हणतात. तिचा आधार लोकांच्या स्मरणात. कागद कुठला असणार? बाहेरून आलेल्या जमीनदारांनी व ठेकेदारांनी इंग्रजी अमलात नेमका कागदच पुढे केला. खंड वाढला, वेठबिगार मानेवर बसली. कचेरीत भाषा परकी आणि वकील महाग.

बेल्जियमचे फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ मध्ये या भागात आले आणि तोरपा येथे राहिले. नुसत्या प्रार्थनेने आणि औषधपाण्याने इथे भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी जमिनीच्या चालीरीती व कायदा शिकून घेतला आणि रयतेला दावे लढवण्यास मदत केली. हजारो लोक कॅथलिक झाले. ते श्रद्धेने झाले की दाव्यासाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. प्रश्न गैर नाही. पण ज्याचे शेत चालले आहे त्याला या दोन गोष्टी आपल्याइतक्या सहज वेगळ्या करता येत नसाव्यात. क्षयाने खंगून लिव्हन्स मायदेशी परतले व १८९३ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, वारले.

मिशनवर सर्वांचाच विश्वास होता असे मात्र नाही. १८९९ च्या डिसेंबरात बिरसा मुंडांच्या अनुयायांनी सरवदा येथील मिशनवर बाण सोडले. तेथेच काम करणारे जर्मन फादर जॉन हॉफमन पुढे मुंडांच्या जमीनपद्धतीचे जाणकार झाले. एकेक दावा जिंकून एकेक शेत वाचते. वहिवाटच कायद्यात यावयास हवी होती. १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्यात ती आली. त्यामागे बिरसांच्या उठावाचा धाक जसा होता, तसा हॉफमन यांचा अभ्यासही होता.

पण जमीन राहिली तरी सावकार राहतोच. म्हणून हॉफमन यांनी १९०९ मध्ये सहकारी पतपेढी काढली. दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांची हकिकत ज्यांनी वाचली आहे, त्यांना यातले मर्म वेगळे सांगावयास नको. महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून हॉफमन यांना हिंदुस्थान सोडावा लागला. मुंडारी भाषा व जीवन यांचा त्यांचा प्रचंड कोश १९२८ मधील त्यांच्या मृत्यूनंतर छापून निघाला.

कूळकायदा अजून जिवंत आहे. २०१६ मध्ये झारखंड विधानसभेने त्यात बदल करणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा आदिवासींनी मोठा विरोध केला. पुढच्या वर्षी राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते परत पाठवले.