नदीच्या हिशेबात मासा कुठे?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहणाऱ्या पवना, मुळा आणि इंद्रायणी या तीन नद्यांविषयी आजवर जे बोलले आणि लिहिले गेले, ते बहुतांशी पाण्याविषयी. पाणी किती काळवंडले, त्यात प्राणवायू किती उरला, आळंदीच्या घाटाशी फेस किती चढला, याची चर्चा वारंवार होते. पाण्यात राहणाऱ्यांची चर्चा मात्र मेलेल्या माशांचा खच काठाला लागला म्हणजे दोन दिवस होते आणि विरून जाते. मेले ते कोणत्या जातीचे, त्या डोहात मुळात किती जाती नांदत होत्या आणि आता किती उरल्या, हे प्रश्न फारसे विचारलेच जात नाहीत.

हा हिशेब पूर्वी कोणी मांडला नव्हता असे नाही. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमलेला कर्नल विल्यम सायक्स हा दख्खनची शेती, लोकसंख्या, हवामान यांची मोजदाद करीत हिंडला आणि त्याच हिंडण्यात त्याने भीमा व तिच्या उपनद्यांतील माशांची यादी केली. 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यादीत चाळीसहून अधिक जाती होत्या. विशेष असे की, नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना त्याने त्यांपैकी अनेकांना इथल्या लोकांच्याच तोंडची नावे ठेवली. खुद्री, कोळस, फुलुंगी, शिंगटी हे मराठी शब्द थोडे मोडके होऊन का होईना, जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे जाऊन बसले. ज्याला आपण महासीर म्हणतो त्या 'टॉर खुद्री' या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या नमुन्यावरून झाले आहे. आज त्या पात्रात हा मासा शोधू जाणाऱ्याच्या हाती काय लागेल, हे सांगावयास प्राणिशास्त्रज्ञाची गरज नाही.

सायक्सनंतर या भागात उद्योग आले. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. पुढे मोटारींचे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचले. चाकणच्या दक्षिणेला मोशीजवळ इंद्रायणी आणि उत्तरेला राजगुरुनगरजवळ भीमा, म्हणजे सारा औद्योगिक विस्तार सायक्सच्याच नद्यांच्या खोऱ्यात झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 मध्ये देशातील 311 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांपैकी 55 एकट्या महाराष्ट्रातील होते. इतके असूनही 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंद्रायणीच्या अभ्यासात पन्नासाहून अधिक जातींची नोंद आहे. गमावण्यासारखे अद्याप पुष्कळ आहे, असाच याचा अर्थ.

अशी पाहणी पुन्हा पुन्हा का होत नाही, याचे कारण उघड आहे. जाळी टाकावी लागतात, ऋतूऋतूंत फिरावे लागते, मासे ओळखणारा जाणकार लागतो आणि घाण पाण्यात उतरण्याची तयारी लागते. येथेच गेल्या काही वर्षांत विकसित झालेले पर्यावरणीय डीएनएचे तंत्र विचारात घेण्याजोगे ठरते. मासा, बेडूक, कासव यांच्या अंगावरील चिकट द्रव, खवले, विष्ठा यांतून त्यांचे जनुकद्रव्य सतत पाण्यात मिसळत असते. लिटर-दोन लिटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळावे, गाळणीवर राहिलेले डीएनए प्रयोगशाळेत वेगळे करावे, त्याच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवाव्यात आणि त्यातील अक्षरक्रम ज्ञात जातींच्या संग्रहाशी ताडून पाहावा, अशी ही रीत आहे. 2008 मध्ये फ्रान्समधील तळ्यांत परदेशी बेडकाचा शोध या मार्गाने लागला. ब्रिटनमध्ये 2014 पासून 'ग्रेट क्रेस्टेड न्यूट' या संरक्षित उभयचराच्या पाहणीत, म्हणजे पर्यायाने बांधकामाच्या परवानगीत, ही चाचणी ग्राह्य धरली जाते. साधनसामग्रीसाठी फार दूर जावयास नको. कोविडच्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी शहराच्या सांडपाण्यात विषाणूचे जनुकद्रव्य शोधले होते. विद्या तीच, शोधावयाचे ते वेगळे.

तथापि, नव्या यंत्राचे कौतुक करताना भान सुटू नये. या पद्धतीने मासा आहे एवढे कळते, किती आहेत हे खात्रीने कळत नाही. तो जिवंत आहे की मेलेला, हेही नाही. प्रवाहाबरोबर जनुकद्रव्य काही अंतर वाहत जाते, त्यामुळे दापोडीला सापडलेला पुरावा रावेतचाही असू शकतो. शहरी नदीत तर आणखी एक गमतीची अडचण आहे. घरोघरच्या स्वयंपाकघरांतून आणि मासळीबाजारांतून येणाऱ्या सांडपाण्याबरोबर सुरमई-बांगड्याचे डीएनएही पवनेत उतरणार, आणि चाचणीवर आंधळा विश्वास ठेवणारा अधिकारी पिंपरीत समुद्री मासे असल्याचा अहवाल देणार! शिवाय मळीच्या आणि रसायनांच्या पाण्यात चाचणीची प्रक्रियाच अडखळते. ताडून पाहण्याच्या संग्रहात दख्खनच्या एखाद्या जातीची नोंद नसेल, तर ती जात पाण्यात असूनही निनावी राहते. सारांश, मासा हातात धरून ओळखणाऱ्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही. उलट त्याची गरज वाढते.

मग या खटाटोपाचा उपयोग काय? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या हानीची नोंद होत नाही तिची किंमत कोणीच मोजत नाही. कारखान्याच्या ताळेबंदात नदीचे नुकसान येत नाही. ते काठावरच्या भोयाच्या रिकाम्या जाळ्यात येते. आपल्या नियमांनी माशाला साक्षीला बोलावले आहे, पण चमत्कारिक जागी. कारखान्याच्या सांडपाण्यात ठेवलेल्या माशांपैकी 90 टक्के 96 तासांनंतर जिवंत राहिले पाहिजेत, असा निकष आहे. ही साक्ष प्रयोगशाळेच्या टाकीत होते. प्रत्यक्ष नदीतील मासे जगले की नाही, हे त्या चाचणीत येत नाही, आणि पाण्याचा नमुना तर ज्या घटकेला घेतला त्या घटकेपुरतेच बोलतो. रात्री सोडलेले पाणी सकाळी वाहून गेलेले असते. नाहीशी झालेली जात मात्र वर्षानुवर्षे गैरहजर राहते. अशी गैरहजेरी एका नमुन्याने सिद्ध होत नाही. त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत, वर्षामागून वर्षे तपासणी झाली तरच तिला अर्थ येतो.

त्यासाठी लागणारा खर्च नदीसुधारणेच्या नावाने घाट, भिंती आणि सुशोभन यांवर योजलेल्या रकमांपुढे नगण्य ठरेल, आणि त्याचा मोठा वाटा औद्योगिक वसाहतींकडून घेण्यात अन्याय नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांनी लोकांच्या सहभागाने जैवविविधतेची नोंदवही ठेवावयाची असते. या तपासणीचे निष्कर्ष तिच्यात जावेत आणि ते नागरिकांस पाहता यावेत. रावेत, दापोडी, देहू, मोशी, आळंदी आणि इंद्रायणी भीमेला मिळते ते तुळापूर, एवढ्या जागा आरंभाला पुरेत. परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी नमुने गोळा करू शकतील. मात्र पहिले नमुने यंत्रे पात्रात उतरण्याआधी घेतले पाहिजेत. गाळ उपसून काठ बांधून झाल्यावर घेतलेल्या पाण्यात आधी तिथे कोण राहत होते हे सापडणार नाही.