आठ कला

19 जुलै 1595. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथल्या शाळेत गणिताचा तरुण मास्तर मोजक्या विद्यार्थ्यांना राशिचक्र काढून दाखवत होता. वय 23, नाव योहानेस केप्लर. शिकवण्याबरोबर दर वर्षी पंचांग करणं हेही त्याच्या नोकरीतलं काम. पहिल्याच पंचांगातली कडाक्याच्या थंडीची आणि तुर्कांच्या स्वारीची भाकितं खरी ठरली, त्यामुळे ज्योतिषी म्हणून गावात त्याचं वजन वाढलं होतं.

त्या दिवशीचा विषय होता गुरु-शनी युती. हे दोन संथ ग्रह सुमारे 20 वर्षांनी एकत्र येतात आणि प्रत्येक युती आधीच्या युतीपासून साधारण 120 अंशांवर, म्हणजे नवपंचमात पडते. तीन युतींचा त्रिकोण होतो, पण तो पुरता मिटत नाही. आपल्या निरयन पंचांगांतच पाहा: 1961 ची युती मकरेत, 1980-81 ची कन्येत, 2000 ची मेषेत आणि 2020 ची पुन्हा मकरेत, मात्र काही अंश पुढे. केप्लर असे न मिटणारे त्रिकोण एकाच वर्तुळात एकापुढे एक काढत गेला. बाजू एकमेकींना छेदत गेल्या आणि मधोमध एक लहान वर्तुळ उमटलं. ते कुणी काढलेलं नव्हतं, रेघांच्या दाटीतून आपोआप उभं राहिलं होतं.

केप्लर थबकला. बाहेरचं वर्तुळ शनीची कक्षा मानली आणि आतलं गुरूची, तर दोघांच्या अंतरांचं प्रमाण जवळजवळ तेच येत होतं! विश्व रचताना देवाने वापरलेली भूमिती आपल्या हाती लागली, असं त्याला वाटलं. मग त्याने चौकोन, पंचकोन लावून पाहिले, जमलं नाही. शेवटी सहा ग्रहांच्या गोलांमध्ये पाच नियमित घनाकृती बसवून त्याने 1596 मध्ये पुस्तक काढलं. ती कल्पना चुकीची होती. पण त्या पुस्तकामुळे खगोलनिरीक्षक टायको ब्राहेचं लक्ष त्याच्याकडे गेलं, म्हणून त्या चुकीबद्दल मला आदर आहे.

वर्तुळ त्याच्यासाठी नुसती आकृती नव्हती. ज्योतिषाचा सगळा डोलाराच वर्तुळावर उभा आहे. आपण कुंडली चौकटीत मांडतो, तरी तिचं नाव कुंडलाशी, म्हणजे कड्याशी नातं सांगतं. केंद्रयोग, नवपंचम, प्रतियोग हे सारे एकाच वर्तुळाचे तुकडे. राशींच्या सीमा माणसाने आखल्या म्हणून केप्लरने त्या मानल्या नाहीत. ग्रहांमधल्या या कोनांवर मात्र त्याची श्रद्धा जन्मभर टिकली. आणि गोल तर त्याला ईश्वराचीच प्रतिमा वाटे: केंद्र म्हणजे पिता, पृष्ठभाग म्हणजे पुत्र, मधली पोकळी म्हणजे पवित्र आत्मा. ग्रह वर्तुळातच फिरणार हे ॲरिस्टॉटलपासून कोपर्निकसपर्यंत सर्वांनी धरून चाललेलं होतं. आपल्या सिद्धांतग्रंथांतलं मंदफल-शीघ्रफलही वर्तुळावर वर्तुळ चढवूनच काढलेलं आहे.

1600 च्या फेब्रुवारीत केप्लर प्रागजवळच्या बेनात्की गढीत टायकोकडे पोचला. दुर्बीण नसताना एक-दोन कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अचूक वेध घेणारा तो माणूस. त्याने मंगळाच्या कक्षेचं कोडं केप्लरच्या गळ्यात घातलं. आठ दिवसांत सोडवतो, अशी केप्लरने पैज मारली. पुढच्याच वर्षी टायको वारला. मंगळ सुटला नाही.

चार प्रतियोगांचे वेध घेऊन केप्लरने मंगळाच्या वर्तुळाचा मध्य शोधायला घेतला. एकेक फेरी पानंच्या पानं चाले, आणि अशा निदान 70 फेऱ्या त्याने केल्या. अखेर जमलं. टायकोचे बाकीचे प्रतियोगही दोन कलांच्या आत बसले. इथे थांबला असता तरी त्याची वाहवा झाली असती. पण त्याने दुसऱ्या वेधांवरून मंगळाचं अंतर तपासलं आणि डोलारा ढासळला. अंतर सांभाळावं तर स्थान आठ कला चुकत होतं.

आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. टॉलेमीच्या काळी वेधच दहा कला इकडेतिकडे होत, तेव्हा ही चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. टायको एवढा चुकणार नाही, हे मात्र केप्लरला ठाऊक होतं. त्याने वर्षांची मेहनत बाजूला ठेवली आणि ज्याला तो देवाची प्रतिमा मानत होता त्या वर्तुळावरच संशय घेतला. माझ्या मते या गोष्टीतली खरी शौर्याची घटका हीच.

पुढे त्याने अंडाकृती कक्षा धरली, तीही फसली. मग एके दिवशी दोन आकडे समोरासमोर आले. वर्तुळ कडेला जिथे सर्वांत जास्त दबलं होतं तिथली तूट होती 0.00429, आणि मंगळाच्या गणितातल्या 5 अंश 18 कलांच्या कोनाचं सीकंट येत होतं 1.00429. झोपेतून जागं व्हावं तसं झालं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. तरीही आणखी एकदा वाट चुकून, 1605 च्या ईस्टरच्या सुमारास तो लंबवर्तुळावर पोचला, आणि सूर्य त्याच्या मध्यावर नव्हे तर एका नाभीवर बसला. ‘आस्ट्रोनोमिया नोव्हा’ 1609 मध्ये छापून झालं.

घरी कंपास असेल तर 10 सेंटिमीटर त्रिज्येचं एक वर्तुळ काढा. मंगळाची कक्षा त्याच मापाने काढली, तर ती या वर्तुळापेक्षा कडेला अर्धा मिलिमीटरसुद्धा आत येत नाही.