आवाज एक नंबर, पण हाताला काय? स्पीकर घेताना हे कोणी बघत नाही

स्पीकर घेताना आपण काय बघतो? बास, वॉट आणि बॅटरी. मीही तेच बघून आमच्या मुरगूडच्या घरी आज्जीसाठी ब्लूटूथ स्पीकर नेला. तिचा ट्रान्झिस्टर बंद पडला होता. नव्याचा आवाज कितीतरी सरस, शिवाय त्यात एफएमही होतं. तरी महिन्याभरात आज्जीनं तो लावायचं सोडलं. म्हणाली, "ह्यो चालू हाय का बंद, मला कळंनाच झालंय."

तिला नीट दिसत नाही, आणि स्पीकरची चारही बटणं रबरी, एकसारखी. तेच बटण हलकं दाबलं तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो.

आता तिच्या ट्रान्झिस्टरचं बघा. आवाजाच्या नॉबमध्येच स्विच. फिरवला की 'टक्', म्हणजे चालू. उलटा फिरवत नेला की पुन्हा 'टक्', म्हणजे बंद. स्टेशनचा नॉब फिरवला की आतला दोरा ओढला जातो, त्यानं काटा सरकतो आणि गँग कंडेन्सरही फिरतो. मोठ्या टेबल रेडिओंमध्ये तर नॉबच्या दांड्यावर जड चाक असायचं, म्हणजे फ्लायव्हील. एक झटका दिला की काटा आपल्याच गतीनं पुढं जायचा. चांगल्या कॅसेट डेकचं झाकण सावकाश उघडायचं, कारण छोट्या दातेरी चाकात घट्ट ग्रीस असायचं. यातल्या कशानंच आवाजात फरक पडत नाही. पण वस्तू हातात घेतल्यावर जे बरं वाटतं ना, ते यातूनच येतं. याउलट बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या फक्त 15 पायऱ्या असतात. सहावी कमी आणि सातवी जास्त, हा अनुभव तुम्हालाही असेल!

सारेगामानं 2017 मध्ये 'कारवां' आणला. त्यात 5,000 जुनी गाणी होती. गाणी तर यूट्यूबवरही फुकट होती. माझ्या मते लोकांनी पैसे मोजले ते त्या गोल नॉबसाठी.

पुढच्या वेळी दुकानात डोळे मिटून स्पीकर चालू करा, आवाज कमी-जास्त करा, बंद करा. जमलं तर घ्या.

आज्जीचा ट्रान्झिस्टर मी शेवटी उघडला. सेल गळून स्प्रिंगला गंज चढला होता, बाकी काही नाही. पॉलिश पेपरनं घासला, नवे सेल घातले. आता सकाळी कोल्हापूर आकाशवाणी 102.7 लागलेली असते. स्पीकर मी वापरतोय.