खांबांमधील भिंत

सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट असून त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर सिराकूसा हे शहर वसलेले आहे; मराठी वाचकाला ते 'सिराक्यूज' या नावाने आणि बहुधा आर्किमिडीजच्या धड्यातून ओळखीचे असते. या शहराचा आणि जवळच्या पांतालिका येथील कड्यांत कोरलेल्या प्राचीन दफनगुहांचा समावेश युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत केला. प्रवासी पुस्तिकांमध्ये येथील स्थळांची विभागणी ग्रीक, रोमन, बायझंटाइन, नॉर्मन, स्पॅनिश अशा कालखंडांनुसार केलेली आढळते, आणि ती सोयीची असली तरी प्रत्यक्ष शहर त्या विभागणीला जुमानत नाही, कारण येथे एका काळाने उभारलेली वास्तू दुसऱ्या काळाने आपल्या कामासाठी वापरली, तिसऱ्याने तिच्यात भर घातली, आणि जी वास्तू कोणाच्याच उपयोगाची उरली नाही तिचे दगड हळूहळू दुसरीकडे गेले. कोणती वास्तू टिकली आणि कोणती नाहीशी झाली याचे उत्तर सिराकूसात बहुतेक वेळा तिच्या वापराच्या इतिहासात सापडते.

शहराची सुरुवात ओर्तीजा या छोट्या बेटावर झाली. मुख्य भूमीपासून अगदी चिंचोळ्या पाण्याने वेगळे झालेले हे बेट आता पुलांनी जोडलेले असून त्याचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर आहे. ग्रीसमधील कोरिंथ या नगरराज्यातून निघालेल्या वसाहतकारांनी आर्कियास याच्या नेतृत्वाखाली इ.स.पू. ७३४ च्या सुमारास येथे वस्ती केली, आणि या निवडीमागची कारणे आजही उघड्या डोळ्यांना दिसतात: दोन्ही बाजूंना नैसर्गिक बंदरे, संरक्षणास सोपी जागा, आणि समुद्राला अगदी लागून उसळणारा गोड्या पाण्याचा झरा. या झऱ्याला अरेथुसा म्हणतात. ग्रीसमधील अल्फेऊस नदीचा देव पाठलाग करू लागला तेव्हा अरेथुसा नावाची जलदेवता झऱ्याचे रूप घेऊन समुद्राखालून येथवर आली, अशी कथा ग्रीकांनी रचली. मायदेशाहून शेकडो मैल दूर आलेल्या लोकांना आपल्या नव्या गावाचे पाणी जुन्या गावच्या नदीशी जोडावेसे वाटले, यात आश्चर्य नाही. झऱ्याच्या कुंडात पपायरस वाढतो. प्राचीन इजिप्तमध्ये ज्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या गाभ्यापासून लिहिण्याचे साहित्य तयार होत असे तीच ही वनस्पती असून शहरालगतच्या चाने नदीच्या काठीही ती आपोआप उगवते. अठराव्या शतकात सावेरिओ लांदोलिना या स्थानिक अभ्यासकाने तिच्यापासून पुन्हा कागद तयार करून दाखवला, आणि या परंपरेला वाहिलेले एक स्वतंत्र संग्रहालय आज ओर्तीजावर आहे.

झऱ्यापासून थोडा चढ चढून गेल्यावर लांबट, किंचित वळणदार आणि फिक्या मधाच्या रंगाच्या दगडाने फरसबंदी केलेला कॅथीड्रलचा चौक लागतो. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे मुख्य पीठ असलेले चर्च. त्याचा दर्शनी भाग आंद्रेआ पाल्मा या वास्तुकाराने आखला व १७२८ ते १७५३ या काळात तो पूर्ण झाला; दुहेरी खांब, तुटक कमानी, खोल सावल्या आणि संतांचे पुतळे यांनी भरलेला हा भाग बरोक शैलीचा, म्हणजे स्थैर्यापेक्षा हालचालीचा आभास आणि नाट्यमय परिणाम साधू पाहणाऱ्या सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय शैलीचा, उत्तम नमुना मानला जातो. बहुतेक प्रवासी येथे छायाचित्र काढतात आणि आत शिरतात. मात्र त्याआधी डावीकडच्या गल्लीत वळून इमारतीची उत्तरेकडील भिंत पाहणे अगत्याचे आहे, कारण त्या भिंतीत चर्चपेक्षा हजाराहून अधिक वर्षांनी जुने असे प्रचंड जाडीचे दगडी खांब अर्धे गाडले गेल्यासारखे उभे दिसतात.

हे खांब अथेना देवीच्या मंदिराचे आहेत. इ.स.पू. ४८० मध्ये हिमेरा येथे कार्थेजच्या सैन्याचा पराभव केल्यानंतर सिराकूसाचा सत्ताधीश गेलॉन याने हे मंदिर बांधले. ते डोरिक पद्धतीचे होते: या पद्धतीत खांबांना वेगळी बैठक नसते, ते थेट ओट्यावरून उठतात, त्यांच्यावर उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात आणि वर जाताना ते निमुळते होत जातात. मंदिराच्या रुंदीला सहा आणि लांबीला चौदा खांब होते व या खांबांच्या रांगेच्या आत, प्रदक्षिणेची वाट सोडून, भिंतींनी बंद केलेला गाभारा होता. या देवळाचे दरवाजे सोने आणि हस्तिदंताने मढवलेले होते आणि आतल्या भिंतींवर चित्रफलक होते, असे सिसेरो सांगतो. इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेस या भ्रष्ट रोमन प्रांताधिपतीविरुद्ध सिसेरोने खटला चालवला, आणि ही संपत्ती व्हेरेसने लुटून नेल्याचा आरोप त्या भाषणांत आहे. त्यामुळे या देवळाचे सर्वांत तपशीलवार वर्णन एका चोरीच्या तक्रारीमुळे शिल्लक राहिले आहे.

सातव्या शतकात बिशप झोसिमो याच्या काळात मंदिराचे चर्च झाले, आणि ज्या रीतीने ते झाले त्यात बांधकामाची असाधारण काटकसर दिसते. ग्रीक मंदिरात देव आत आणि भक्त बाहेर असत, तर ख्रिस्ती उपासनेसाठी मोठा समुदाय छपराखाली एकत्र यावा लागतो. तेव्हा झोसिमोच्या गवंड्यांनी बाहेरच्या खांबांमधील मोकळ्या जागा भिंतीने बुजवल्या, आणि आतील गाभाऱ्याच्या सलग भिंतींना कमानी पाडून त्या मोकळ्या केल्या. जे उघडे होते ते बंद झाले, जे बंद होते ते उघडे झाले. गाभारा चर्चचे मधले दालन बनला आणि प्रदक्षिणेची वाट दोन्ही अंगांची दालने बनली. ८७८ मध्ये अरबांनी शहर जिंकल्यावर या वास्तूचा उपयोग मशीद म्हणून झाल्याचे मानले जाते, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन आले तेव्हा ती पुन्हा चर्च झाली व मधल्या दालनाच्या भिंती उंचावल्या गेल्या. उपासना करणारे आणि त्यांची भाषा बदलत गेली, तरी सुमारे अडीच हजार वर्षे या जागेवर प्रार्थना होत आली आहे, आणि युरोपात असे ठिकाण विरळाच.

आत गेल्यावर जाणवणारा साधेपणा मात्र बराचसा अलीकडचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिमाहीत झालेल्या जीर्णोद्धारात मधल्या दालनातील बरोक गिलावा आणि सजावट काढून टाकण्यात आली, जेणेकरून मूळचा दगड दिसावा. दगड दिसला हे खरे, आणि तो पाहताना मन भारावते हेही खरे. पण ज्या वास्तूचे वैशिष्ट्यच सर्व काळांना सामावून घेण्यात होते तिच्यातून एक काळ खरवडून काढणे ही हानीच होती, असे म्हणावे लागते. पूर्वीच्या पिढ्यांनी आधीच्यांचे काम झाकले होते, या पिढीने ते नष्ट केले.

अथेनाच्या मंदिराची इतर दोन मंदिरांशी तुलना केली म्हणजे वापराचे मोल समजते. बेटाच्या तोंडाशी, रोजच्या मासळी-भाजी बाजाराला लागून, अपोलोचे मंदिर आहे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभीचे हे मंदिर सिसिलीतील सर्वांत जुन्या दगडी डोरिक मंदिरांपैकी एक असून त्याचे खांब थर रचून न उभारता एकसंध दगडातून घडवलेले आहेत. त्याचेही चर्च, मशीद, पुन्हा चर्च आणि अखेर स्पॅनिश सैनिकांची बराक असे रूपांतर होत गेले, पण नंतर ते इमारतींच्या गर्दीत गडप झाले आणि उत्खननानंतर त्याचे अवशेष तेवढे मोकळे झाले. शहराबाहेर, चाने नदीच्या बाजूला, झ्यूसचे मंदिर होते; तेथे चर्च झाले नाही, कोणी राहिले नाही, आणि आज माळावर केवळ दोन अपुरे खांब उभे आहेत.

या सर्व वास्तूंचा चुनखडीचा दगड ज्या खाणींतून निघाला त्या मुख्य भूमीवर, नेआपोलिस या पुरातत्त्व उद्यानात आणि त्याच्या आसपास आहेत. त्यांना लातोमिए म्हणतात. आज लिंबू-संत्र्यांच्या झाडांनी भरलेल्या या खोल दऱ्या इतक्या शीतल वाटतात की त्यांचा इतिहास मुद्दाम आठवावा लागतो. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिराकूसावर आरमार पाठवले, दोन वर्षांत ती मोहीम पुरती धुळीला मिळाली, आणि इतिहासकार थ्युसिडिडीसच्या म्हणण्याप्रमाणे किमान सात हजार कैदी या खाणींत कोंडले गेले. दिवसा डोक्यावर ऊन, शरदातल्या रात्री गारठा, मृतांचे ढीग जिवंतांच्या शेजारीच, आणि माणशी रोज सुमारे पाव लिटर पाणी व त्याच्या दुप्पट मापाचे धान्य, अशा स्थितीत त्यांना आठ महिने ठेवण्यात आले. युरिपिडीस या नाटककाराच्या ओळी म्हणून दाखवल्यामुळे काही कैद्यांची सुटका झाली, असे पुढे प्लुटार्कने लिहिले आहे. याच खाणींपैकी एकीत, येथील एका प्राचीन सत्ताधीशाच्या नावाने 'दिओनिसिओसचा कान' म्हणून प्रसिद्ध असलेली, सुमारे तेवीस मीटर उंचीची आणि नागमोडी आकाराची गुहा आहे. तिच्यात साधा शब्दही मोठा होऊन घुमतो, आणि तिचे हे नाव चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये सुचवले, अशी परंपरा आहे.

आर्किमिडीजच्या शोधात आलेल्याला मात्र येथे फारसे काही हाती लागत नाही. रोमन सेनापती मार्सेलसच्या वेढ्यानंतर इ.स.पू. २१२ मध्ये शहर पडले आणि त्या धुमश्चक्रीत एका सैनिकाने त्याला ठार केले. गोल आणि त्याला नेमका सामावणारा वृत्तचितीचा आकार यांच्या घनफळांचे प्रमाण दोनास तीन असते, हा त्याचा आवडता सिद्धान्त होता व त्या दोन आकृत्या त्याच्या थडग्यावर कोरलेल्या होत्या, इ.स.पू. ७५ मध्ये सिसेरोने याच खुणेवरून काटेरी झुडपांत हरवलेले ते थडगे शोधून काढले, आणि त्यानंतर ते पुन्हा हरवले. 'आर्किमिडीजचे थडगे' म्हणून आज जे दाखवले जाते ते रोमन काळातील दुसऱ्याच कोणाचे दफनस्थान आहे.

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने सिसिलीचा आग्नेय भाग उद्ध्वस्त केला, आणि ओर्तीजावरील सज्जे, जिने व चर्चदर्शनांचे आजचे रूप त्यानंतरच्या पुनर्रचनेतून आले. भूकंपाआधीच्या शहराची एक गूढ आठवण काराव्हाज्जोच्या 'संत लुचीयाचे दफन' या चित्रात आहे. माल्टातील कैदेतून पळून आलेल्या या चित्रकाराने १६०८ मध्ये ते शहरातील संत लुचीयाच्या चर्चसाठी काढले. अग्रभागी खड्डा खणणारे दोन धिप्पाड मजूर, त्यांच्यामध्ये जमिनीवर संतेचा लहानसा देह, आणि वरचा अर्धा भाग केवळ रिकाम्या, काळवंडलेल्या भिंतीने व्यापलेला, अशी त्याची रचना आहे. लातोमिए पाहून आलेल्याला ती भिंत ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही. इ.स. ३०४ मध्ये हौतात्म्य पत्करलेली ही संत शहराची रक्षक मानली जाते. १३ डिसेंबरला तिची चांदीची मूर्ती कॅथीड्रलमधून मिरवणुकीने त्याच चर्चमध्ये नेतात आणि आठवड्याने परत आणतात. त्या दिवशी सिसिलीभर 'कुच्चीआ' नावाचा, शिजवलेल्या अख्ख्या गव्हात मध किंवा ताजे रिकोता चीज घालून केलेला गोड पदार्थ खातात. आपल्याकडील गव्हाच्या खिरीशी त्याचे जवळचे नाते वाटावे असा तो असतो.

संग्रहालयांपैकी पाओलो ओर्सी पुरातत्त्व संग्रहालयाला अर्धा दिवस तरी द्यावा, आणि बेल्लोमो वाड्यातील आंतोनेल्लो दा मेस्सीनाचे १४७४ मधील चित्र, ठिकठिकाणी रंग उडालेला असला तरी, चुकवू नये. कातानिया विमानतळ येथून सुमारे साठ किलोमीटरवर असून तेथून बस वा रेल्वेने येता येते. ओर्तीजा पायीच हिंडावे. ऋतूची निवड मात्र विचारपूर्वक करावी, कारण शहरालगतच्या फ्लोरीदिया परिसरात ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते युरोपातील उच्चांक म्हणून मान्य केले आहे. एप्रिल ते जूनचा आरंभ हा काळ उत्तम.

त्या काळात येण्याचे दुसरे कारण म्हणजे नेआपोलिसमधील ग्रीक नाट्यगृह. सत्ताधीश पहिला हिएरॉन याच्या काळात नाटककार एस्किलस या शहरात आला होता आणि त्याच्या 'पर्शियन' या नाटकाचा प्रयोग येथे झाला होता. पण आज दिसते ते नाट्यगृह इ.स.पू. तिसऱ्या शतकातील दुसऱ्या हिएरॉनने, म्हणजे मुकुटाच्या सोन्याची परीक्षा आर्किमिडीजकडे सोपवणाऱ्या कथेतील राजाने, वाढवून घेतलेले आहे. त्याच्या पायऱ्या टेकडीच्या अखंड खडकात कोरलेल्या असल्याने त्या जागीच राहिल्या, तर रंगमंचाच्या मागील बांधीव भाग सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ओर्तीजाची तटबंदी बांधण्यासाठी उचलून नेला. १९१४ मध्ये एस्किलसच्याच 'आगामेम्नॉन'ने येथे प्राचीन नाटकांचे प्रयोग पुन्हा सुरू झाले, आणि महायुद्धांसारखे खंड वगळता उन्हाळ्याच्या तोंडाशी ग्रीक नाटके इटालियनमध्ये येथे होत आली आहेत. सूर्य कलल्यावर प्रयोग सुरू होतो व खडकावरचा उजेड हळूहळू दिव्यांच्या ताब्यात जातो. बावीस शतके झिजलेल्या पायऱ्यांना हजारो प्रेक्षकांचा भार सोसावा लागू नये म्हणून हंगामात त्यांवर लाकडी फळ्यांचे आच्छादन घालतात. हंगाम संपला की फळ्या निघतात, आणि खडक पुन्हा उघडा होतो.