पाण्याच्या मुळाशी दोन दिवस

गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाले की कारखान्यात दुरुस्तीची लगबग सुरू होते. मिलचे रोलर बाहेर निघतात, पॅनच्या नळ्या साफ होतात, यंत्रांचे सांधे तपासून, ग्रीस देऊन पुन्हा बसवले जातात. परंतु ही यंत्रे ज्यांच्या जिवावर चालतात त्या माणसांच्या सांध्यांना ग्रीस कोण देतो? हा प्रश्न मागल्या हंगामाने आमच्यापुढे उभा केला आणि त्याच्या पाठोपाठ आम्ही गेल्या जुलैत भंडारदऱ्याच्या पावसात जाऊन पोचलो. ती हकिगत सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आधी खरे ते सांगून टाकतो. जानेवारीतल्या एका रात्री ऊस नाही म्हणून गव्हाण दोन तास रिकामी फिरली. मिलवाले म्हणाले, शेतकी खाते झोपले. शेतकीवाले म्हणाले, आम्ही गाड्या भरल्या, तुमच्या काट्यावर अडकल्या. दुसऱ्या दिवशी उलटा प्रकार. यार्डात गाड्यांची रांग आणि मिल बंद. फोनवर एकमेकांचा उद्धार झाला. चूक कोणाची हे अखेरपर्यंत ठरले नाही, पण नुकसान कोणाचे झाले हे ठरलेलेच होते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते आणि उताराही घटतो. आमच्या भांडणाचा भुर्दंड सभासदाच्या बिलात गेला.

म्हणून ठरले, सर्व खात्यांची माणसे दोन दिवस एकत्र बाहेर काढायची. मिल, पॅन, बॉयलर, शेतकी, काटा, हिशेब, वाहतूक अशी बेचाळीस मंडळी निघाली. खर्च प्रत्येकाने वर्गणी काढून केला. कारखान्याच्या खात्यावर एक पैसाही टाकलेला नाही, हेही येथेच सांगतो.

धरणाच्या वाटेवर

शनिवारी पहाटे गाडी निघाली. अट एकच, शेजारी दुसऱ्या खात्याचा माणूस हवा. काट्यावरच्या कारकुनाच्या वाट्याला मिलचे फिटर आले. संगमनेर येईस्तोवर दोघेही खिडकीबाहेर बघत होते. अकोल्यात चहाला उतरल्यावर फिटर म्हणाले, "काय राव, सात वर्षं फोनवर तुमच्याशी भांडतोय, तोंड आज पाहिलं!" मग मात्र गाडीत गप्पांना तोंड फुटले.

राजूर सोडले आणि पावसाने गाठले. रंध्याला प्रवरा कड्यावरून कोसळत होती. कठड्यापाशी शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. दुपारी शेंडीला पोचून धरणाच्या भिंतीसमोर उभे राहिलो.

आपल्यापैकी किती जणांनी हे धरण पाहिले आहे? आमच्यातल्या निम्म्यांनी तर पाहिले नव्हते. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे २७० फूट उंच आहे. मागे अकरा टीएमसी पाणी मावते. तेच पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर येते, तेथून डाव्या आणि उजव्या कालव्याने आपल्या शिवारात उतरते. या कालव्यांनीच आपल्याकडची जिरायत जमीन ऊसाखाली आणली. लोणीला १९५०-५१ साली सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम निघाला, त्याच्या मागे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांचे कष्ट होते तसेच हे पाणीही होते. आपल्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. घाटघर-रतनवाडीला त्याच्या कितीतरी पट पडतो. आपला ऊस या डोंगरातल्या पावसावर उभा आहे.

खाचरातला धडा

दुपारनंतर एका वाडीवर गेलो. तेथे भाताची आवणी चालू होती. ओळखीतून आधीच निरोप धाडला होता. बाया इरली घेऊन वाकल्या होत्या. आम्ही पँटी दुमडून चिखलात उतरलो. दहा मिनिटांत सगळे उघडे पडले. कोणी रोपे खोल खुपसतो, कोणी नुसती ठेवतो आणि ती पाण्यावर तरंगतात. आमचे एक साहेब सवयीने बांधावर उभे राहून हुकूम सोडू लागले. घरधनीण मावशी म्हणाल्या, "साहेब, वरून दिसतं समदं, पण रोप हातानंच लागतं. या खाली!" साहेब मुकाट्याने उतरले. अख्खे खाचर हसले, साहेबही हसले.

आवणीत एकट्याने पुढे धावून चालत नाही. ज्याचा हात मागे राहतो तिथे ओळ वाकडी होते, म्हणून शेजारचा थांबून त्याची दोन रोपे लावतो. मावशींनी भाषण केले नाही, पण पॅनमन आणि स्लिपबॉय एकाच ओळीत वाकले तेव्हा जानेवारीतली रात्र पुष्कळांना आठवली असावी.

रात्री नाचणीची भाकर, पिठले, कुरडूची भाजी आणि ठेचा. बाहेर धो धो पाऊस, आत कंदिलाभोवती आम्ही. तिथे प्रथमच कोणी आवाज न चढवता बोलले. शेतकीचा पोरगा म्हणाला, "तोडकऱ्यांची टोळी एका फडातनं दुसऱ्या फडात हलवायला निम्मा दिवस जातो. तुम्हाला वाटतं बटण दाबलं की ऊस आला." मिलचे मिस्त्री म्हणाले, "अन् मिल बंद ठेवायची तर तासभर आधी सांगा की. बॉयलर काय चूल आहे, फुंकली की पेटली?" दोघांचेही बरोबर होते. आजवर ते एकमेकांना सांगितलेच नव्हते.

तेवढ्यात मावशींनी सहज विचारले, "तुम्ही खालचे, ऊसवाले ना? चैतात या एकदा. आमच्या बाया हंडा घेऊन खाली उतरत्यात. पाणी आमच्या दारातनं जातं, थांबत नाय."

कोणाला उत्तर सुचले नाही. आम्हालाही अजून सुचलेले नाही.

परत येताना

रविवारी सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेतले. काळ्या पाषाणातले ते जुने देऊळ पावसात न्हाऊन निघाले होते. वर रतनगड ढगात बुडाला होता. याच डोंगरात प्रवरेचा उगम. तिथला झरा ओंजळीत मावावा एवढा, आणि त्याच्यावर आपले संसार!

येताना गाडीत दोन गोष्टी ठरल्या. पहिली, हंगामात रोज सकाळी शेतकी, मिल, काटा आणि वाहतूक यांनी काट्यापाशी उभ्याउभ्या दहा मिनिटे भेटायचे. किती गाड्या येणार, मिलची काय अडचण, हे तोंडावर बोलायचे. दुसरी, शेतकी खात्याने आडसालीच्या लागणीपासून ठिबकाचा आग्रह धरायचा. पाटपाण्याच्या मानाने ठिबकावर पुष्कळ कमी पाण्यात ऊस येतो. निळवंड्याच्या डाव्या कालव्याला २०२३ मध्ये पाणी आले, नवी गावे भिजू लागली. एकाच नदीवर खाणारी तोंडे वाढली, तेव्हा ज्याच्या ताटात आधीपासून आहे त्याने हात आखडता घ्यायला हवा.

दोन दिवसांत माणसे बदलतात असा आमचा दावा नाही. पुढच्या हंगामात ब्रेकडाऊन होईल, गाड्या अडकतील, आवाजही चढतील. पण फोनच्या पलीकडचे तोंड आता ओळखीचे झाले आहे. चिखलात बरोबर पाय घसरलेल्या माणसाला शिवी देताना जीभ जरा अडखळते.

सभासद बंधूंनो, हंगाम सुरू झाला की सकाळी काट्यावर या आणि ती दहा मिनिटांची भेट होते की नाही ते पाहा. होत नसेल तर आम्हाला जाब विचारा. आणि रात्रपाळीचे पाणी पाटाने सोडताना त्या वाडीवरचा हंडा एकदा आठवा, एवढीच विनंती.